शब्दांचा वाडा आणि त्याची नोंदवही



ज्यांत चित्र नाहीं, आवाज नाहीं, केवळ शब्द आहेत, अशा एका खेळाविषयीं आज मी बोलणार आहें. संगणकाच्या पडद्यावर चार ओळी उमटतात : आपण एका वाड्याच्या दिंडीशीं उभे आहां, दार लोटलेलें आहे, देवळींत एक दिवा ठेवलेला आहे. खेळणारानें आपल्या भाषेंत आज्ञा लिहावयाची, ‘दिवा घे’, ‘आंत जा’. आणि संगणकानें तिचा परिणाम शब्दांनींच सांगावयाचा. इंग्रजींत अशा खेळांना पन्नास वर्षांची परंपरा आहे. आपल्याकडेहि ज्या घरांत मुलें संगणकासाठीं आज्ञावली लिहावयास शिकत आहेत, त्या घरांत असा खेळ स्वतः रचून पाहण्याची हौस अधूनमधून उत्पन्न होते. हौस चांगली आहे. तिला खर्च नाहीं, भाषा आपली आहे, आणि घरांतील वडील माणसांनाहि तींत भाग घेतां येतो. परंतु चारपांच खोल्या रचून झाल्या कीं एक प्रश्न पुढें उभा राहतो, आणि कित्येक खेळ त्याच प्रश्नापाशीं अडून पडतात. तो प्रश्न असा कीं, हें जग ठेवावें कोठें?

नवा रचणारा तें सारें आज्ञावलींतच लिहून टाकतो. ‘खेळणारा ओसरीवर असेल आणि आंत जा म्हणेल, तर माजघराचें वर्णन दाखव; माजघरांत असेल आणि खालीं जा म्हणेल, तर तळघर दाखव.’ तीन खोल्यांपर्यंत हें ठीक चालतें. तीस खोल्या झाल्या म्हणजे एक नवी खोली वाढविण्यासाठीं दहा ठिकाणीं हात घालावा लागतो. वर्णनांतील एक शब्द सुधारावयाचा तरी यंत्राच्या आज्ञांना धक्का लागण्याची भीति असते. आणि ज्याला आज्ञावली लिहितां येत नाहीं, त्याला तर त्या जगांत एक ओळहि घालतां येत नाहीं. घरखर्चाचा हिशेब वहींत न लिहितां घराच्या भिंतींवर कोरून ठेवावा, तशांतला हा प्रकार होतो.

या जातीच्या पहिल्या प्रसिद्ध खेळानें हा प्रश्न कसा सोडविला, तें पाहण्यासारखें आहे. त्याचे कर्ते विल क्राउदर हे अमेरिकेंतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेंत काम करीत. आजच्या इंटरनेटचा पूर्वज जें आर्पानेट, तें उभारण्यांत त्यांचा हात होता. त्यांना दुसरा नाद होता तो गुहा धुंडाळण्याचा. केंटकी राज्यांतील मॅमथ केव्ह या अफाट गुहासमूहांत ते आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया मोजमाप करीत हिंडत असत. १९७२ सालीं ज्या तुकडीनें फ्लिंट रिजच्या गुहा मॅमथ केव्हला आंतून मिळालेल्या आहेत असें सिद्ध केलें, तींत पॅट्रिशिया होत्या. पुढें पतिपत्नी विभक्त झालीं. १९७५-७६ च्या सुमारास क्राउदर यांनीं आपल्या मुलींना खेळतां यावें म्हणून त्या गुहेचा एक शब्दखेळ रचला. तो पीडीपी-१० या यंत्रावर चालत असे आणि त्याची आज्ञावली फोर्ट्रान भाषेंत होती. गुहा मात्र त्या आज्ञावलींत नव्हती. ती शेजारच्या एका निराळ्या फाइलींत, कोष्टकांच्या रूपानें, लिहिलेली होती.

हा खेळ स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉन वुड्स यांच्या पाहण्यांत आला. त्यांनीं क्राउदर यांची अनुमति घेऊन १९७७ सालीं तो वाढविला. त्यांनीं आज्ञावलींतहि पुष्कळ फेरफार केले. परंतु गुहा निराळ्या फाइलींत ठेवण्याची मूळची योजना त्यांनीं मोडली नाहीं, उलट तिचा विस्तार केला. त्यांच्या फाइलीचे बारा विभाग आहेत आणि तींत १४० ठिकाणें आहेत. एका विभागांत प्रत्येक ठिकाणाचें लांब वर्णन, दुसऱ्यांत आंखूड वर्णन, तिसऱ्यांत वाटा, चौथ्यांत शब्द, पांचव्यांत वस्तूंचीं वर्णनें, सहाव्यांत किरकोळ संदेश, सातव्यांत कोणती वस्तु आरंभीं कोठें आहे याची यादी, अशी ती रचना आहे. आज्ञावलीला गुहेची ओळख नसते. तिला फक्त ही वही वाचतां येते.

यांतील वाटांचें कोष्टक विशेष पाहण्यासारखें आहे. ठिकाण ८ म्हणजे गुहेच्या तोंडावरील पोलादी जाळीची बाहेरची बाजू, आणि ठिकाण ९ म्हणजे त्याच जाळीखालची जागा. आठव्या ठिकाणाहून खालीं जाण्याची नोंद ३०३००९ या एका आंकड्यानें केलेली आहे. शेवटचे तीन अंक ००९, म्हणजे ‘नऊला जा’. आधींचे तीन अंक ३०३, म्हणजे अट : तीन क्रमांकाच्या वस्तूची अवस्था शून्य नसावी. तीन क्रमांकाची वस्तु म्हणजे ती जाळीच, आणि शून्य म्हणजे कुलूपबंद. अट पुरी झाली नाहीं, तर संगणक त्याच वाटेची पुढची ओळ पाहतो. ती ओळ त्याला संदेशांच्या यादीकडे धाडते, आणि बंद जाळींतून जातां येत नाहीं असें खेळणाराला कळतें. एका दाराची सगळी हकीकत अशी दोन ओळींत मावते.

वस्तूंची व्यवस्था याहून साधी आहे. प्रत्येक वस्तूपुढें एकच आंकडा असतो, तो म्हणजे ती ज्या ठिकाणीं आहे त्याचा क्रमांक. खेळणारानें ती उचलली कीं तो आंकडा उणें एक होतो. ‘खेळणाराजवळ काय काय आहे’ याची निराळी यादी ठेवावीच लागत नाहीं. ज्या वस्तूंपुढें उणें एक आहे, त्या त्याच्या हातांत. यांत एक मोठें तत्त्व आहे. कोणतीहि गोष्ट एकाच जागीं नोंदावी. दिवा खोलीच्या यादींतहि लिहिला आणि खेळणाराच्या यादींतहि लिहिला, तर केव्हां ना केव्हां एकाच वेळीं दोन दिवे दिसूं लागतील, किंवा असलेला दिवा नाहींसा होईल.

आतां आपल्या घरच्या खेळाकडे वळूं. समजा, आपल्याला एक जुना वाडा रचावयाचा आहे : दिंडी, चौक, ओसरी, माजघर, देवघर, माडी, परसांतील विहीर आणि एक तळघर. त्यासाठीं पांच कोष्टकें पुरतात : खोल्या, वाटा, वस्तु, शब्द आणि संदेश. खोल्यांच्या कोष्टकांत नांव आणि वर्णन. वाटांच्या कोष्टकांत चार रकाने : कोठून, कोणत्या शब्दानें, कोठें, आणि कोणत्या अटीवर. ‘माजघर; खालीं; तळघर; तळघराचें दार उघडें असल्यास.’ क्राउदर आणि वुड्स यांच्या यंत्रांत स्मृतीची टंचाई होती, म्हणून त्यांनीं सर्व आंकड्यांत कोंबलें. आपल्याला ती अडचण नाहीं. १४० खोल्या, प्रत्येकीचें वर्णन ३०० चिन्हांचें, आणि देवनागरीच्या एका चिन्हाला नेहमींच्या सांठवणींत तीन बाइट, असा हिशेब केला तरी एकूण १,२६,००० बाइट होतात. आजच्या यंत्राच्या दृष्टीनें हें कांहींच नव्हे. तेव्हां खोल्यांना क्रमांक न देतां नांवेंच द्यावींत. सहा महिन्यांनीं वही उघडली असतां ‘७’ म्हणजे काय हें आठवणार नाहीं. ‘माजघर’ म्हणजे काय हें विसरणार नाहीं.

जातांची वाट आणि येतांची वाट निरनिराळी लिहावी. गुहेंत घसरून खालीं जातां येतें पण वर चढतां येत नाहीं, असे प्रसंग असतात. वाड्यांतहि माळ्यावरून उडी मारतां येईल, परत उडी मारून चढतां येणार नाहीं. दार मात्र एकच लिहावें. माजघराच्या बाजूचें दार आणि तळघराच्या बाजूचें दार अशा दोन नोंदी केल्या, तर एकीकडून उघडलेलें दार दुसरीकडून बंद राहील.

डबींत किल्ली आणि कोनाड्यांत डबी, असा प्रसंग येतो तेव्हां काय करावें? वस्तूचें ठिकाण म्हणून खोलीच्या नांवाऐवजीं दुसऱ्या वस्तूचें नांव लिहावें, म्हणजे झालें. किल्लीचें ठिकाण डबी, डबीचें ठिकाण कोनाडा, कोनाड्याचें ठिकाण देवघर. डबी उचलून माडीवर नेली कीं किल्ली आपोआप तिच्याबरोबर जाते. १९७९ सालीं स्थापन झालेल्या इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीनें आपल्या खेळांत हीच रीत पाळली. त्यांच्या खेळांत सगळें जग हा वस्तूंचा एक वंशवृक्षच होता. एवढी मात्र काळजी घ्यावी, कीं पिशवी डबींत आणि तीच डबी पिशवींत, असें खेळणाराला करूं देऊं नये. तशी आज्ञा आल्यास आधीं ठिकाणांची सांखळी वरपर्यंत तपासावी.

शब्दांच्या कोष्टकांत मात्र इंग्रजीचें अनुकरण उपयोगी पडत नाहीं. पीडीपी-१० च्या एका शब्दांत ३६ द्विमान अंक मावत, आणि एका रोमन अक्षराला सात लागत. म्हणून त्या खेळांत प्रत्येक शब्दाचीं पहिलीं पांच अक्षरेंच पाहत असत. मराठींत हा प्रयोग करून पाहा. संगणकाच्या दृष्टीनें ‘किल्ली’ या शब्दांत सहा चिन्हें आहेत : क, वेलांटी, ल, हलन्त, पुन्हां ल, आणि दीर्घ वेलांटी. ‘किल्ला’ या शब्दांतहि सहाच, आणि त्यांतील पहिलीं पांच तींच. पांचांवर कापलें कीं किल्ली आणि किल्ला एकच झाले! शिवाय आपली भाषा शब्दाला मूळ रूपांत राहूं देत नाहीं. ‘दिवा घे’ म्हणणारा पुढच्याच ओळींत ‘दिव्यांत तेल घाल’ म्हणतो. ‘कुलूप उघड’ म्हणणारा ‘कुलपाला किल्ली लाव’ म्हणतो. म्हणून प्रत्येक वस्तूपुढें तिचें मूळ रूप, तिचें सामान्यरूप आणि तिचें लिंग, हीं तिन्ही लिहावींत. लिंग नसेल तर संगणक ‘पणती पेटलेला आहे’ असें बोलेल, आणि खेळाची सगळी गोडी तेथेंच जाईल. दिवा पेटलेला, पणती पेटलेली, निरांजन पेटलेलें, हें ज्ञान आज्ञावलींत नव्हे, वस्तूच्या नोंदींत असावयास पाहिजे. लेखनाचेंहि तसेंच. नातवंड ‘खाली’ लिहील, आजोबा कदाचित् ‘खालीं’ लिहितील. दोन्ही रूपें एकाच अर्थाकडे नेणारीं म्हणून कोष्टकांत असूं द्यावींत.

वही निराळी ठेवण्याचा दुसरा मोठा लाभ असा, कीं तिची तपासणी यंत्राकडून करवून घेतां येते. जमाखर्चाच्या वह्या वर्षअखेर ताडून पाहतात, तशी ही वही रोज ताडून पाहावी. प्रत्येक वाट ज्या खोलीकडे जाते, ती खोली यादींत आहे काय? ‘माजघर’ ऐवजीं कोठें ‘मजघर’ पडलेलें नाहीं ना? दिंडीपासून निघून प्रत्येक खोलीपर्यंत पोंचतां येतें काय? ज्या वाटेला परतीची वाट नाहीं, ती हेतुपुरस्सर तशी ठेवली आहे काय? तळघराची किल्ली तळघरांतच तर ठेवलेली नाहीं ना? वीसपंचवीस ओळींची एक छोटी आज्ञावली यांतील पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें क्षणांत देते. जग भिंतींवर कोरलेलें असेल तर हे प्रश्न विचारतांहि येत नाहींत.

खेळ अर्धा टाकून उद्यां पुढें चालवावयाचा असतो. त्यासाठीं बदलणारें आणि न बदलणारें यांची फारकत करावी. माजघराचें वर्णन बदलत नाहीं. दिवा कोठें आहे, दार उघडें कीं बंद, तेल किती उरलें, खेळणारा कोठें उभा आहे, एवढेंच बदलतें. क्राउदर-वुड्स यांच्या खेळांत दिव्याचें आयुष्य ३३० चालींचें होतें, आणि त्याची मोजदाद ठेवणारा आंकडा चालीचालीला उतरत असे. इन्फोकॉमनें आपल्या खेळांच्या फाइलींत बदलणारा भाग आरंभींच निराळा काढलेला होता. खेळ राखून ठेवतांना मुख्यतः तेवढाच लिहून घ्यावा लागे. आपणहि तसेंच करावें, आणि राखलेल्या फाइलीच्या डोक्यावर वाड्याच्या वहीची आवृत्ति लिहावी. नाहीं तर गेल्या आठवड्यांत राखलेला खेळ या आठवड्यांत वाढविलेल्या वाड्यांत उघडला जाईल, आणि खेळणारा अशा खोलींत उभा राहील जी आतां अस्तित्वांतच नाहीं.

वही कोणत्या रूपांत ठेवावी, याविषयीं फार वाद घालूं नये. मोठ्या व्यवसायांत लागणारी डेटाबेसची सामग्री शेंदोनशें खोल्यांना लागत नाहीं. खेळ सुरू होतांच सगळी वही एका घांसांत स्मृतींत येते. साधी मजकुराची फाइल उत्तम. जेसन नांवाची पद्धत आज फार प्रचारांत आहे आणि सर्व संगणकभाषांना ती वाचतां येते. परंतु तींत रचणाराला आपल्यासाठीं शेरा लिहिण्याची सोय नाहीं, आणि एक स्वल्पविराम अधिक पडला तर सगळी फाइल नाकारली जाते. ज्या घरांत संगणक न शिकलेलीं माणसें वहींत भर घालणार असतील, तेथें रकान्यांची साधी पत्रिका बरी.

एक इशारा दिला पाहिजे. सगळेंच कोष्टकांत घालण्याचा मोह धरूं नये. क्राउदर-वुड्स यांच्या गुहेंत पुलावर एक राक्षस बसलेला आहे आणि तो जकात मागतो. हा व्यवहार चार रकान्यांत बसत नाहीं. म्हणून त्यांच्या वाटांच्या कोष्टकांत ३०१ ते ५०० हे दोनशें आंकडे विशेष प्रसंगांसाठीं राखलेले होते. असा आंकडा आला कीं आज्ञावलीनें वही बाजूला ठेवून स्वतःच्या बुद्धीनें काम करावयाचें. १९७७ च्या खेळांत त्या दोनशेंपैकीं तीनच वापरले गेले. हें प्रमाण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अपवादांना हक्काची जागा द्यावी, पण ते थोडे असावेत. अपवाद कोष्टकांत कोंबूं लागलें, तर कोष्टकाचीच एक नवी आज्ञाभाषा बनते, आणि ती मूळ भाषेहून दुर्बोध असते.

एका घरगुती करमणुकीसाठीं इतका खटाटोप कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर त्या गुहेच्या पुढच्या चरित्रांत आहे. क्राउदर यांची मूळ आवृत्ति बरीच वर्षें नाहींशी झाली असेंच समजत. ती वुड्स यांच्या स्टॅनफर्ड येथील जुन्या खात्याच्या प्रतींत सांपडली, आणि डेनिस जर्झ या अभ्यासकांनीं २००७ सालीं तिच्यावर लेख लिहिला. मूळ आज्ञावली आणि तिच्या शेजारची गुहेची फाइल, दोन्ही हातीं आल्या होत्या. जर्झ यांनीं केंटकींतील प्रत्यक्ष गुहेंत उतरून खेळांतील वर्णनें ताडून पाहिलीं. २०१७ सालीं एरिक रेमंड यांनीं दोघा कर्त्यांच्या संमतीनें त्या खेळाची पुढची एक आवृत्ति आजच्या यंत्रांवर चालेल अशी करून प्रसिद्ध केली, तेव्हां कोष्टकांचें रूप बदललें, पण गुहा तीच राहिली. पीडीपी-१० यंत्रें आज पदार्थसंग्रहालयांत पाहावयाचीं. त्यांच्यासाठीं लिहिलेली गुहा मात्र आज कोणाहि मुलाला आपल्या घरीं हिंडतां येते.

आपल्याकडे पुण्या-नाशकांतील कित्येक जुने वाडे पाडले गेले. त्यांचीं छायाचित्रें कोठें कोठें आहेत. पण ओसरीवरून माजघरांत जातांना कोणत्या पायरीशीं ठेंच लागे, बळदांत काय ठेवीत, परसांतील विहिरीवरून हांक मारली तर ती माडीवर ऐकूं येई कीं नाहीं, हें छायाचित्रांत नसतें. तें ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील पुष्कळांना संगणकाची आज्ञावली लिहितां येणार नाहीं, आणि ती शिकण्याइतका अवकाशहि सर्वांना मिळणार नाहीं. त्यांना आज्ञावली लिहावी लागूं नये, यासाठींच वही निराळी ठेवावयाची. नातीनें आज्ञावली लिहावी, आजीनें खोल्या सांगाव्या, आणि तिच्या शब्दांतच त्या कोष्टकांत उतरवून घ्याव्या. उद्यां नवें यंत्र आलें तर आज्ञावली नवी लिहितां येईल. आजीनें सांगितलेली खोली नव्यानें लिहावयास मग कोणी असेलच असें नाहीं.

तेव्हां ज्या घरांत असा खेळ रचण्याचें मनांत असेल, त्यांनीं संगणक उघडण्यापूर्वीं एक कोरी वही घ्यावी, तिचे चार रकाने आंखावे, आणि घरांतील सर्वांत वडील माणसाला प्रथम विचारावें कीं, दिंडींतून आंत शिरलें म्हणजे डाव्या हाताला काय होतें. इतकें सुचवून मी आपली रजा घेतों.